मूलपर्यंतची तार आणि पॅकेजांचा नाका
मार्च २००५ मध्ये केंद्र सरकारने राज्यव्यापी संगणक-जाळ्याची योजना मंजूर करून राज्याच्या राजधानीपासून जिल्ह्यामार्गे तालुक्यापर्यंत किमान २ मेगाबिट प्रतिसेकंदाचा दुवा नेण्याचे ठरवले, तेव्हा चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातील मूलसारखी तालुक्याची ठिकाणेही त्या आराखड्यात आली. दुसरीकडे, २००७ साली सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने ‘डेबियन’ या लिनक्स प्रणालीवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली प्रसिद्ध केली. डेबियनच्या कुळात प्रोग्राम ‘पॅकेज’ नावाच्या तयार गठ्ठ्यांतून येतात आणि दूरच्या भांडारातून ते उतरवून घेण्याचे काम १९९९ च्या डेबियन २.१ पासून ‘ॲप्ट’ हा प्रोग्राम करतो.

कार्यालयांत मात्र वाटेवर फायरवॉल, म्हणजे ये-जा तपासणारा नाका, आणि प्रॉक्सी, म्हणजे सर्वांच्या वतीने बाहेर मागणी करणारा मध्यस्थ संगणक, उभे राहिले. ब्राउझर सुरळीत चालतो, पण ॲप्ट ४०७ हा आकडा दाखवून थांबतो, कारण मध्यस्थाला ओळख हवी असते. प्रॉक्सीचा पत्ता वापरकर्त्याच्या सत्रात नोंदवलेला असला तरी ‘सुडो’ने प्रशासकाचे अधिकार घेताना तो बहुधा गळून पडतो, म्हणून तो ॲप्टच्याच मांडणी-फाइलीत लिहावा लागतो. मध्यस्थाने पॅकेजांची जुनी सूची साठवलेली असेल तर ‘हॅश’, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळा, जुळत नाही. अशा वेळी तपासणीच बंद करणे घातक ठरते, मध्यस्थाचा साठा रिकामा करणे हाच खरा उपाय होय.