नाव जुने, पेय नवे : कापुचिनोचा इतिहास

नावाचे प्राचीनत्व हा वस्तूच्या प्राचीनत्वाचा पुरावा ठरत नाही. ‘कापुचिनो’ हे याचे बोलके उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात दूध वा साय घातलेल्या कॉफीस, कापुचिन पंथीय ख्रिस्ती भिक्षूंच्या तपकिरी झग्यावरून, ‘कापुत्सिनर’ म्हणत. हे नाव रंगाचे होते, कृतीचे नव्हे.

यंत्राचा उदय निराळा. तुरीनच्या आंजेलो मोरियोंदोने १८८४ मध्ये व मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये वाफेच्या दाबावरील कॉफीयंत्राच्या पेटंटासाठी अर्ज केले. तथापि वाफेचा दाब अल्प असल्याने अर्कावर फेस धरत नसे. १९४८ मध्ये आकिल्ले गाज्जियाचे तरफेचे यंत्र प्रचारात आले. दाब कितीतरी वाढला आणि एस्प्रेसोवर ‘क्रेमा’ हा सोनेरी थर दिसू लागला. आजचा कापुचिनो म्हणजे या अर्कावर वाफेने फेसाळलेले दूध.

त्याची भावंडे दुधाच्या प्रमाणावरून ओळखली जातात : ‘लात्ते’ म्हणजे दूध, ते येथे विपुल, ‘माक्कियातो’ म्हणजे डागाळलेला, येथे दुधाचा केवळ ठिपका.

सारांश, शब्द टिकला, पदार्थ पालटला. केवळ कोशातील नोंदीवरून वस्तूचा काळ ठरविणे म्हणूनच धोक्याचे होय.