निळी कोंबडी आणि टाकाऊ पिल्लं

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. शाळेत मीही वर्षानुवर्षं तेच शिकवलं. निवृत्तीनंतर अवांतर वाचन वाढलं, तेव्हा कळलं की इतिहास कोंबड्यांच्या खुराड्यातही घडतो. मंडळी, ही त्याचीच गोष्ट.

अँडलुशियन नावाची कोंबडीची एक जात आहे. नाव स्पेनमधल्या प्रांताचं, पण एकोणिसाव्या शतकात तिला नावारूपाला आणलं ते इंग्लंडमधल्या हौशी मंडळींनी. तिचा रंग निळा म्हणतात. खरं तर तो पाटीसारखा निळसर राखाडी असतो आणि पिसांना गडद किनार असते. प्रदर्शनात मान याच रंगाला.

अडचण एकच होती. निळा कोंबडा आणि निळी कोंबडी यांची सगळी पिल्लं निळी होत नसत. काही काळी निघत, काही पांढरट आणि ठिपकेदार. पाळणाऱ्यांना वाटे, रक्तात कुठेतरी भेसळ आहे. म्हणून अशी 'टाकाऊ' पिल्लं ते बाजूला काढत आणि पुन्हा निळ्याशी निळ्याचीच जोडी लावत. कितीही पिढ्या गेल्या तरी जवळपास निम्मी पिल्लं टाकाऊच निघत.

मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ साली छापून आला आणि धूळ खात पडला. १९०० साली तो पुन्हा उजेडात आला. केंब्रिजच्या विल्यम बेटसन यांनी तो उचलून धरला. वाटाण्याचा नियम प्राण्यांनाही लागतो, हे त्यांनी कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवलं. तो अहवाल १९०२ सालचा. पुढे रेजिनाल्ड पनेट यांच्या साथीने त्यांनी अँडलुशियनचं कोडंही सोडवलं.

हिशेब सोपा आहे. रंगाचा एक घटक पिल्लाला बापाकडून मिळतो, एक आईकडून. दोन्ही काळे मिळाले तर पिल्लू काळं. दोन्ही रंग फिका करणारे मिळाले तर ठिपकेदार पांढरं. एक हा आणि एक तो मिळाला, तरच निळं. त्यामुळे निळ्या जोडप्याच्या सोळा पिल्लांत सरासरीने चार काळी, आठ निळी आणि चार ठिपकेदार. यात भेसळ कुठेच नाही. निळा रंगच मुळी दोघांच्या मेळातून होतो, तेव्हा तो 'शुद्ध' करणार कसा?

गंमत पुढेच आहे. काळा कोंबडा आणि ठिपकेदार कोंबडी यांची जोडी लावली, की सोळाच्या सोळा पिल्लं निळी! म्हणजे निळ्यांच्या जोडीपेक्षा दुप्पट. ज्यांना टाकाऊ म्हणून बाजूला काढलं, त्यांच्यातच उत्तर होतं.

त्या पाळणाऱ्यांना मी हसणार नाही. त्यांची नजर तयार होती, कष्टही खरे होते. पण नको असलेली पिल्लं त्यांनी नीट मोजली नाहीत. बेटसन-पनेट यांनी तीच मोजली, रंगवार लिहून ठेवली आणि मग आकडे बोलू लागले.

आपल्याकडे शुद्ध रक्त, अस्सल घराणं हे शब्द माणसांबद्दलही सहज वापरले जातात, विशेषतः लग्नं जुळवताना. कोंबडीच्या पिसांवरून माणसांचे निष्कर्ष काढू नयेत, हे खरं. पण अशा बैठकीत 'भेसळ' हा शब्द कानावर आला, की मला हल्ली ती बाजूला काढलेली पिल्लं आठवतात.

असो.