एकसाली ते दावा

‘एकसाली’ म्हणजे एका सालापुरती. वनखात्याने जंगलातला तुकडा कसायला द्यायचा, तोही वर्षाच्या बोलीवर. पुढच्या साली पुन्हा अर्ज, पुन्हा मेहेरबानी. १८७८च्या वन कायद्याने डोंगर राखीव होत गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे पेरणारा माणूस आपल्याच वावरात पाहुणा ठरला. नांदगाव तालुक्यातल्या भिल्ल वस्त्या असोत की सुरगाणा-पेठेतले कोकणा पाडे, जंगलाच्या कडेला कसणाऱ्यांच्या वाट्याला हेच आले. मुदत सरली तरी नांगर तिथेच राहिला. मग कागदावर त्याचे नाव पडले ‘अतिक्रमक’. बापजाद्यांची हाडे ज्या मातीत आहेत तिथे त्याच घरातल्या माणसाला हा शब्द लावावा, हे मला आजही सहन होत नाही.

२००२च्या मे महिन्यात केंद्राने अतिक्रमणे हटवण्याचा आदेश काढला आणि देशभर संताप उसळला. २००६च्या वनहक्क कायद्याने शब्द बदलला: अतिक्रमण गेले, ‘दावा’ आला. मूळ अरबी. मराठीत तो फिर्यादही आहे आणि वैरही. दावा साधणे म्हणजे सूड उगवणे. वनहक्काच्या दाव्यात मात्र वैर नाही, ओळख पटवणे आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेली, जास्तीत जास्त चार हेक्टर जमीन आदिवासीला मागता येते. दावा आधी ग्रामसभेपुढे येतो. पुरावा म्हणून दंडाच्या पावत्या चालतात, घातलेले बांध चालतात आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही चालतो.

या शेवटच्या पुराव्याची भावकी थेट उत्तर ध्रुवाकडे आहे. कॅनडातल्या इन्युइट शिकाऱ्यांनी १९७०च्या दशकात नकाशांवर रेघा ओढून दाखवले की सील कुठे मारला, कॅरिबू कुठे गाठला. गोठलेला समुद्रही त्यात आला, कारण त्यांच्या लेखी तीही वहिवाटीची जागाच. त्या आठवणींच्या बळावर १९९३चा नुनावुत करार झाला आणि सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमीन त्यांच्या मालकीची ठरली. बदल्यात उरलेल्या भूमीवरचा मूळ हक्क मात्र सोडावा लागला.

आपल्याकडे मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो माणसे सुमारे १८० किलोमीटर चालत गेली, कारण कायदा होऊन अकरा वर्षे उलटली तरी दावे अडकलेले होते. तोवर विहीर कुणी खोदली, पहिला बांध कुणी घातला, हे सांगू शकणारी म्हातारी माणसे एकेक करून जात होती.