तायक्वांदो, कराटे, ज्युदो की कुस्ती: भारी कोण?

मुलाला तायक्वांदोला घालायचं की कराटेला, हा प्रश्न रत्नागिरीतल्या पालकांनाही पडतो. आंबा घाट ओलांडला की कोल्हापूर, म्हणजे तालमीही फार लांब नाहीत. मग यातला सगळ्यात भारी प्रकार कोणता?

आधी नियम बघा, कारण खेळाडूच्या सवयी त्यातूनच घडतात. ऑलिंपिक तायक्वांदोत धडावरच्या ठोशाला 1 गुण, साध्या लाथेला 2 आणि डोक्यावरच्या लाथेला 3. चेहऱ्यावर ठोसा चालत नाही. साहजिकच पाय विजेसारखे चालतात आणि हात बऱ्याचदा खालीच राहतात. ज्युदोत पकड जाकिटाची. समोरचा उघडाबंब असेल तर धरायचं काय? कुस्तीत ठोसे-लाथा नाहीतच, पण उभ्या माणसाला खाली आणण्यात पैलवान तरबेज असतो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झाले. मातीत प्रतिस्पर्ध्याला चितपट करायचं असतं. मॅटवर वेळ मोजलेली आणि गुणांचा हिशोब. मॅटची फारशी सवय नसताना 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत 57 किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटातलं सुवर्ण घेतलं जपानच्या शोहाची इशी यांनी. गंमत म्हणजे इशी मूळचे ज्युदोवाले! महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली, म्हणून ते कुस्तीकडे वळले होते.

एक मातीतून आलेला, दुसरा ज्युदोतून, आणि दोघेही मॅटवर पदकापर्यंत पोहोचले. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. तालमीतली लढंत असो की ज्युदोतली रांदोरी, सरावात समोरचा जोडीदार खरोखर विरोध करतो, निसटतो, उलटा डाव टाकतो. कराटेतला काता शरीराला वळण लावतो, पण तो हवेतच करायचा असतो. काताच्या जोडीला खरी लढत नसेल, तर रंगीत पट्टा मिळूनही पहिल्या धक्क्याला गोंधळ उडू शकतो.

वजनाचा फरकही कमी समजू नये. बहुतेक मोठ्या स्पर्धांत वजनी गट असतात ते उगाच नाही.

म्हणून क्लासची फी भरण्याआधी एक संध्याकाळ तिथं बसून बघा: मुलं एकमेकांशी लढतात का, किती वेळ, आणि जोड्या वजन बघून लावतात का. भिंतीवरचे चषक नंतर मोजता येतील.