माळावरचे विमानाचे इंजिन

लहानपणी आमच्याकडे दिवेलागणीला बल्ब पिवळा पडायचा, कारण त्याच वेळेला सगळ्यांना वीज हवी असायची. इंग्लंडमधल्या प्रिन्सटाऊनचे दुखणे हेच. शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिल कथेतला कैदी पळतो तो तुरुंग याच गावचा! डार्टमूरच्या ओसाड माळावरचे हे गाव लांबलचक वीजवाहिनीच्या टोकाला. थंडीत मागणी चढली की वाहिनीवर ताण यायचा. पण वर्षातल्या मोजक्या तासांसाठी नवी वाहिनी ओढणार कोण?

१९५९ साली तिथल्या वीज मंडळाने ब्रिटानिया विमानात वापरले जाणारे प्रोट्यूस इंजिन माळावर बसवले, त्याला जनरेटर जोडला आणि तेलावर चालवले. क्षमता जेमतेम ३ मेगावॉट. जागेवर माणूस नाही, दुरूनच सुरू करायचे, दोनेक मिनिटांत वीज हजर. (याच जातीच्या इंजिनावर १९६४ साली डोनाल्ड कॅम्पबेलची 'ब्लूबर्ड' मोटार ताशी ४०३ मैल धावली.) तेलाची वीज महागच, पण नव्या वाहिनीच्या खर्चापुढे परवडली. मंडळाने मग अशी आणखी केंद्रे उभारली.

वर्षातला बहुतेक काळ झोपून राहणारे यंत्र ही मला उधळपट्टी वाटायची, त्या पिवळ्या बल्बखाली अभ्यास केलेला असूनही.