अस्तंब्याचा चिरंजीव

नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यात अस्तंबा हे १,३२५ मीटर उंचीचे शिखर आहे. महाराष्ट्रातल्या सातपुड्यात याहून उंच शिखर नाही. यात्रेकरूंच्या लेखी तो अस्तंबा ऋषींचा डोंगर, आणि हे ऋषी म्हणजे द्रोणपुत्र अश्वत्थामा. तो अजून जिवंत आहे, याच डोंगररानात फिरतो, अशी इथली श्रद्धा आहे. अमर नायकाची कथा जगातल्या अनेक अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी रंगवली आहे. सातपुड्यात त्या कथेला ठिकाण आहे, चढायची वाट आहे आणि वर्षातला ठरलेला दिवसही आहे.

महाभारतातल्या मूळ कथेत मात्र अश्वत्थामा पूजेला पात्र ठरावा असे फारसे काही नाही. युद्धाच्या अखेरीस कौरवांकडे तो, कृपाचार्य आणि कृतवर्मा असे तिघेच योद्धे उरले. वडाखाली रात्र काढताना घुबडाने झोपलेल्या कावळ्यांना मारलेले त्याने पाहिले आणि तसाच घाला पांडवांच्या छावणीवर घालायचे ठरवले. सौप्तिकपर्वात त्या रात्रीचे वर्णन आहे. धृष्टद्युम्न, शिखंडी आणि द्रौपदीचे पाचही पुत्र मारले गेले. पाठलाग झाल्यावर त्याने गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्र मंत्रून सोडले आणि ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवले. जन्मतः त्याच्या मस्तकी असलेला मणी शस्त्र, व्याधी आणि भूक यांच्या भयापासून त्याला राखत असे. तो त्याला द्यावा लागला आणि कृष्णाचा शाप पदरी आला: तीन हजार वर्षे एकट्याने, कुणाशी न बोलता, पू आणि रक्ताच्या दुर्गंधीसह रानावनांत भटकायचे. शाप मुदतीचा आहे. लोकपरंपरेने ती मुदत काढून टाकली आणि त्याला कायमचा चिरंजीव केले.

भागवताच्या पहिल्या स्कंधात हाच प्रसंग वेगळ्या रीतीने येतो. तिथे अर्जुन त्याला बांधून द्रौपदीपुढे उभा करतो. आपली पाच मुले मारणाऱ्याला पाहून ती म्हणते, त्याला सोडा. मी रडते आहे तशी याची आई कृपी रडू नये. शेवटी अर्जुन तलवारीने त्याच्या मस्तकावरचा मणी केसांसह कापून घेतो आणि त्याला हाकलून देतो. पुढच्या लोककथेतली कपाळाची जखम या चित्राशी जुळते, आणि महाभारतातल्या शापाने तिला न संपणारे आयुष्य दिले. त्याहून महत्त्वाची आहे द्रौपदीची दया. लोकांनी अश्वत्थाम्याशी पुढे जे नाते जोडले, त्याचे बीज तिथे सापडते.

ते नाते तेलाचे आहे. कपाळाची जखम भरत नाही म्हणून अश्वत्थामा दारोदार तेल मागत हिंडतो, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. अभ्यंगाच्या वेळी अंगाला तेल लावण्याआधी थोडे तेल जमिनीवर लावण्याची चाल अनेक घरांत होती, काही घरांत आजही आहे. कुठे ते एकट्या अश्वत्थाम्याच्या नावाने लावतात, कुठे सात चिरंजीवांच्या नावाने सात ठिपके देतात. हे सात म्हणजे अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम. वाढदिवसाच्या पूजेत दीर्घायुष्यासाठी त्यांचे स्मरण करतात. या सातांत अमरत्व शिक्षा म्हणून भोगणारा एकटा अश्वत्थामा आहे, आणि तेलाचा वाटाही त्यालाच लागतो.

सातपुड्याशी त्याचा संबंध जुळण्यामागे नर्मदा आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून ती सुमारे ५४ किलोमीटर वाहते. तिच्या काठचे शूलपाणीचे झाडीबन परिक्रमेतला सर्वांत अवघड टप्पा मानले जाई. वाट चुकणे, श्वापदे, लूटमार हे सगळे परिक्रमावासीयांना तिथे भोगावे लागे. अशा रानात अचानक उंच, अबोल पुरुष दिसतो, वाट दाखवतो आणि नाहीसा होतो, अशा कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. माणगावी १८५४ मध्ये जन्मलेल्या आणि १९१४ मध्ये नर्मदाकाठी गरुडेश्वर येथे समाधिस्थ झालेल्या वासुदेवानंद सरस्वती अर्थात टेंबे स्वामींच्या चरित्रपरंपरेतही रानात वाट दाखवणारा अश्वत्थामा येतो. पूर्वेला बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तो पहाटे महादेवाला फुले वाहून जातो असे सांगतात. झोपलेल्यांना मारणारा योद्धा अंधारात चुकलेल्यांचा वाटाड्या झाला. लोकमनाने त्याला दिलेले हे प्रायश्चित्तच म्हणावे लागेल, आणि शापापेक्षा ते अधिक उदार आहे.

अस्तंब्याची यात्रा धनत्रयोदशीपासून भरते. खानदेशाबरोबर गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही तरुणांचे जथे येतात. नेहमीची वाट तळोद्याहून कोठार, असली, नकट्यादेव, जुना अस्तंबा आणि भीमकुंडावरून शिखराकडे जाते. पाऊस नुकताच सरलेला असल्याने गवत माणसाच्या कमरेएवढे वाढलेले असते. शेवटचा चढ खडा आणि अरुंद आहे. बरेच जण तो रात्रीच चढतात. आसपासच्या पाड्यांवर भिल्ल आणि पावरा लोकांची वस्ती आहे. त्यांच्याकडे डोंगर स्वतःच देव असतो. सातपुड्याच्या पश्चिम टोकाला देवमोगरा इथली याहा मोगी ही त्यांची मोठी देवता. महाभारतातला वीर आणि डोंगरदेव या दोन परंपरा अस्तंब्यावर एकमेकींत मिसळल्या आहेत. दिवाळीत घरोघरी अभ्यंगाची तयारी चालू असते त्याच दिवसांत ही यात्रा व्हावी, यातही संगती आहे.

युरोपात अशीच शापित अमराची कथा भटक्या यहुद्याची. क्रूसाकडे जाणाऱ्या येशूची हेटाळणी केली म्हणून येशूच्या पुनरागमनापर्यंत भटकत राहण्याचा शाप त्याला मिळाला. फ्रेंच कादंबरीकार युजेन स्यू याने १८४४-४५ मध्ये त्यावर रचलेली कादंबरी पॅरिसच्या वृत्तपत्रातून क्रमशः आली आणि अफाट वाचली गेली. पुढे अमर पुरुष केवळ शापित न राहता प्रियकर झाला. चेल्सी क्विन यार्ब्रो यांच्या १९७८ च्या ‘होटेल ट्रान्सिल्व्हानिया’मध्ये अठराव्या शतकातल्या पॅरिसमधला काउंट सेंट-जर्मेन हा रक्तपिपासू अमर असून प्रेमकथेचा नायक आहे. अशा कादंबरीचा आनंद दुहेरी असतो. नायकाने अनेक शतके स्वतः पाहिलेली असल्याने इतिहास ऐकीव राहत नाही, आणि प्रिय व्यक्ती मरणार हे त्याला पहिल्या भेटीपासून ठाऊक असल्याने प्रेमाला धार येते.

मराठी कादंबरीनेही आरंभी अद्भुताचाच हात धरला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची, रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने १८७१ मध्ये ऐतिहासिक कादंबरीची वाट उघडली. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने अद्भुतरम्य कादंबरीला मोठा वाचकवर्ग दिला. खांडेकरांनी १९५९ मध्ये ‘ययाति’त महाभारतातली उसन्या तारुण्याची कथा घेतली आणि न संपणाऱ्या वासनेचा प्रश्न विचारला. अश्वत्थाम्याच्या संसाराबद्दल मात्र महाभारत गप्प आहे. लोककथेनेही त्याला प्रेयसी दिली नाही. शतकांचा साक्षीदार असण्याचे औत्सुक्य त्याच्या कथेत भरपूर आहे. प्रेमकथेची जागा तिथे करुणेने घेतली आहे. त्यामुळे ती कथा हलकी होत नाही, उलट अधिक खोल जाते.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणामुळे अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. जुने शूलपाणेश्वर मंदिर पाण्याखाली गेले, नवे गोरा येथे उभे राहिले. परिक्रमेच्या वाटाही बदलल्या, पण अश्वत्थाम्याच्या भेटीच्या कथा थांबल्या नाहीत. २०२४ च्या ‘कल्की २८९८ एडी’ या चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी त्याची भूमिका केली. तिथेही कृष्णाच्या शापाने जगत राहिलेला अश्वत्थामा एका गर्भवतीचा रक्षक होतो: ज्याने गर्भावर अस्त्र सोडले त्याच्याकडेच गर्भाची राखण येते. पटकथेला हे आता सुचले. शूलपाणीच्या झाडीतल्या कथांनी त्याला राखणदार फार आधीच केले होते.