वेस्ट पॉइंटची शिस्त

श्रोतेहो, हजेरीपट आणि शिक्षा हे दोन विषय शिक्षकबंधूंना नवे नाहीत. सैन्याच्या शाळेत त्यांचे काय होते, ते आज पाहू. आपल्याला खडकवासल्याची प्रबोधिनी जवळची. पण ही हकिगत तिच्याहून दीडशे वर्षांनी जुन्या अशा एका अमेरिकन शाळेची आहे.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठी वेस्ट पॉइंट नावाचा खडकाळ उंचवटा आहे. तेथे १८०२ साली अमेरिकेने आपली सैनिकी विद्यालय काढली. पहिली पंधरा वर्षे सगळा सैल कारभार. कोणी विद्यार्थी अगदी पोरसवदा, तर कोणी चांगला बाप्या! १८१७ साली सिल्व्हेनस थेअर हे अधीक्षक म्हणून आले आणि त्यांनी घडीच बदलली. त्यांनी हाती वही घेतली. रोज प्रत्येक विद्यार्थ्याने फळ्यापुढे उभे राहून धडा सांगायचा, आणि त्याचे गुण त्याच दिवशी मांडायचे. वागणुकीचीही तशीच नोंद. हजेरीला उशीर, कोटाचे बटण तुटलेले, बंदुकीवर धूळ, बिछाना विस्कटलेला, जे असेल ते दोषांकांच्या रूपाने नावावर चढे. वर्षात २०० दोषांक झाले की पोराने घरची वाट धरायची. दारू, तंबाखू, पत्ते बंद, कादंबऱ्याही बंद! घरून पैसे मागवायचे नाहीत, आणि पहिली दोन वर्षे घरी जायचेही नाही. किरकोळ चुकीला शनिवारची सुटी जाई. खांद्यावर बंदूक टाकून पटांगणात तासन्‌तास येरझारा घालायच्या, बस्स. अंगाला कोणी हात लावीत नसे, पण पाय मात्र भरून येत.

इतके दाबून धरले की वाफ कोठून तरी निघणारच. १८२६ सालच्या नाताळच्या रात्री काही मुलांनी चोरून दारू आणली आणि दूध-अंड्याचे पेय करून मेजवानी मांडली. अधिकारी येताच दंगल उसळली. खिडक्या फुटल्या, सामान मोडले. १९ जणांवर लष्करी न्यायालयात खटले झाले. जेफर्सन डेव्हिस नावाचा विद्यार्थीही त्यांत सापडायचा. पण खोलीत जा म्हटल्यावर तो निमूट खोलीत गेला, म्हणून वाचला. पुढे १८५३ साली हाच गृहस्थ अमेरिकेचा युद्धमंत्री झाला, आणि वेस्ट पॉइंट त्याच्याच खात्याखाली आले!

आता शिक्षकांना पडणारा प्रश्न: वहीतल्या आकड्यावरून माणूस कळतो का? रॉबर्ट ली चार वर्षांत एकही दोषांक न घेता १८२९ साली दुसऱ्या क्रमांकाने बाहेर पडला. कस्टरच्या नावावर ७२६ दोषांक. १८६१ सालच्या त्याच्या वर्गात ३४ जण होते, त्यांत तो अगदी शेवटचा. तरी दोन वर्षांत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो ब्रिगेडियर जनरल झाला. एडगर ॲलन पो हा कवी १८३१ साली कवायत आणि वर्ग चुकवल्याबद्दल तेथून काढला गेला. माझ्या मते वही खोटी नव्हती. ती फक्त टापटीप मोजत होती, आणि तेवढेच तिचे काम होते.

पण श्रोतेहो, वहीत न लिहिलेल्या शिक्षा जास्त कडू होत्या. नव्या मुलांना जुनी मुले इतके छळीत, की १९०१ साली तिथल्या संसदेला चौकशी करून त्याविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे सेनापती म्हणून गाजलेले मॅकार्थर तेव्हा विद्यार्थीच होते. त्यांनीही तो छळ सोसला होता, आणि चौकशीपुढे त्यांची साक्ष झाली.

आणखी एक शिक्षा म्हणजे मौन. ज्याच्यावर बहिष्कार, त्याच्याशी कामापुरते सोडून कोणी बोलायचे नाही. आपल्याकडे गावाने वाळीत टाकावे, तसे! हे हत्यार मुळात अप्रामाणिक विद्यार्थ्यासाठी म्हणून समर्थिले जाई. पण १९३२ साली बेंजामिन डेव्हिस हा तरुण तेथे आला, तेव्हा ते केवळ त्याच्या काळ्या कातडीसाठी वापरले गेले. खोलीत सोबती नाही, जेवणाच्या मेजावर शब्द नाही. असे एक-दोन दिवस नव्हे, चार वर्षे! नियमाच्या पुस्तकात त्याचा काही गुन्हा नव्हता, आणि ज्यांनी शिस्त राखायची ते अधिकारी हे उघड्या डोळ्यांनी पाहत होते. पोरगा मात्र हटला नाही. १९३६ साली २७६ जणांत ३५व्या क्रमांकाने तो उत्तीर्ण झाला, दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या तुकडीचा नायक झाला, आणि १९५४ साली अमेरिकेच्या हवाई दलातला पहिला कृष्णवर्णीय जनरल ठरला. मौनाची ती चाल विद्यार्थ्यांनी स्वतः मोडली, तेव्हा १९७३ साल उजाडले होते.